व्होल्टेजचा काटा नाचतोय? डायनॅमो उतरवण्याआधी जोड तपासा

मृग लागला की हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड या पट्ट्यातल्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार येते. सकाळी गाडी चालू केली की व्होल्टेजचा काटा १४ च्या आसपास असतो. हेडलाइट आणि वायपर लावले की खाली येतो, खड्ड्यातून गेलं की वर उडतो, ब्रेक दाबला की पुन्हा खाली. कधी बॅटरीचा लाल दिवा मंद मिणमिणतो. मालक बॅटरी बदलतो, थोडे दिवस बरे जातात. मग डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर, खोलला जातो, आणखी थोडे दिवस बरे जातात. पुढच्या पावसात काटा परत नाचायला लागतो.

दरवर्षी हेच का होतं, याचं माझं उत्तर असं: आपल्या किनाऱ्यावर चार्जिंगचा बिघाड बहुतेक वेळा वायरींच्या जोडात असतो, आणि प्लसच्या बाजूपेक्षा अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परततो त्या बाजूला जास्त. जोड वरून घट्ट दिसतात म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डायनॅमो उतरवताना नटबोल्ट सुटतात, परत आवळले जातात, त्या घासाघाशीत खराब जोड तात्पुरता सुधारतो आणि श्रेय नव्या डायनॅमोला मिळतं. पैसे गेलेले असतात, दुखणं तिथेच असतं.

मिठाचा एक गुणधर्म लक्षात घेतला की हे सगळं उलगडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर बसलेला मिठाचा पातळ थर, पाऊस नसला, गाडी शेडमध्ये उभी असली, तरी ओलाच राहतो. तांब्याचा लग (केबलच्या टोकाची कडी), लोखंडी बोल्ट, बॅटरीच्या खुंटीवरचा शिशाचा क्लॅम्प असे वेगवेगळे धातू त्या खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकलेले असले की त्यांच्यात गंजण्याची क्रिया न थांबता चालू राहते. तांब्यावर हिरवी पूड धरते, लोखंडावर पापुद्रा येतो. दोन्हींतून वीज नीट जात नाही.

मासळीच्या गाड्यांचं तर आणखी वाईट. जून आणि जुलै असे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा पिकअप उभे राहतात. हौद्यातून गळलेलं बर्फाचं खारं पाणी चॅसिसवर आधीच मुरलेलं असतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास गाडी बाहेर काढली की पहिल्याच खेपेला काटा हलायला लागतो.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा

काटा हलतो एवढ्यावरून काही ठरत नाही. तो कशाबरोबर हलतो, त्यावरून पुढची निम्मी दिशा मिळते.

अंधार पडल्यावर गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा. काटा खालीवर होतो तेव्हा भिंतीवरचा उजेडही कमीजास्त होतो का? होत असेल तर व्होल्टेज खरंच हलतंय. उजेड ढिम्म आणि काटाच नाचतोय, तर चार्जिंगला हात लावू नका. दोष मीटरमध्ये, त्याच्या फीडमध्ये किंवा मीटरच्या अर्थिंगमध्ये आहे. इंडिकेटर लावल्यावर काटा त्याच्या टकटकीबरोबर ताल धरत असेल तर क्लस्टरचा, म्हणजे डॅशबोर्डवरच्या सगळ्या मीटरांच्या डब्याचा, अर्थ जवळपास नक्की ढिला आहे. इंडिकेटरचा करंट परत जाताना त्याच खराब वाटेने जातो आणि मीटरला तेवढं व्होल्टेज कमी दिसतं.

जुन्या गाड्यांत डिझेलच्या आणि टेंपरेचरच्या काट्यांना साधारण १० व्होल्ट पुरवणारा वेगळा स्टॅबिलायझर असे. व्होल्टमीटर त्यावर नसतो. म्हणून ते दोन काटे एकत्र हलत असतील आणि व्होल्टमीटर शांत असेल तर स्टॅबिलायझर बघा. तिन्ही काटे एकदम नाचत असतील तर क्लस्टरचा अर्थ आणि इग्निशन स्विचकडून येणारी वायर बघा.

डॅशबोर्डवरचा मीटर बॅटरीवर बसलेला नसतो, हेही ध्यानात ठेवा. त्याला वीज इग्निशन स्विच आणि फ्यूजमधून मिळते. स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेले असले तर बॅटरीवर १४.२ असताना काटा १३.३ दाखवू शकतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे छोटे डिजिटल मीटर मिळतात, त्यांचंही तसंच: ते सॉकेटचं व्होल्टेज सांगतात, बॅटरीचं नाही.

डिझेल गाडी सकाळी चालू केल्यावर पहिली मिनिटभर काटा खाली राहिला तर घाबरू नका. इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ करंट खात असतात. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन किंवा एसीचा कॉम्प्रेसर लागला की क्षणभर काटा लवून परत वर येतो, तेही ठीक आहे. लवलेला काटा वर येत नसेल तर मात्र तपासाला लागा.

बॅटरीवरचे आकडे

यापुढे डिजिटल मल्टिमीटर लागेल. काही शे रुपयांचा साधा मीटर पुरतो. प्रोब नेहमी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर टेकवू नका. खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मधला जोडच खराब असेल तर क्लॅम्पवर घेतलेला आकडा तुम्हाला फसवतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी १२.६ किंवा थोडं वर दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फुगलेला येतो. अशा वेळी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दमलेली आहे. तिला आधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. अर्धमेल्या बॅटरीवर चार्जिंगची तपासणी केली की सगळे आकडे तिरपागडे येतात.

मग इंजिन चालू करून १५०० ते २००० च्या आरपीएमवर धरा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आता हेडलाइटचा हायबीम, वायपर आणि ब्लोअर असं सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. एच-फोर प्रकारचे हायबीमचे ६० वॉटचे दोन दिवेच ९ अँपिअर घेतात. पावसातल्या रात्री कुंभार्ली किंवा आंबा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनचे फेरे कधी कमी कधी जास्त आणि लोड सगळा लागलेला असतो. कमजोर चार्जिंगची परीक्षा तिथेच होते. २४ व्होल्टच्या ट्रकला हे सगळे आकडे दुप्पट धरायचे.

आकडा १३ च्या खाली राहिला तर चार्जिंग पोचत नाही. १५ च्या वर गेला तर जास्त होतंय. दोन्ही वेळा लोक थेट डायनॅमोवर बोट ठेवतात. थांबा.

जोडावर किती व्होल्ट सांडतात

संपूर्ण तपासणीत मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही चाचणी, आणि रस्त्याकडेच्या कामात ती क्वचितच होते. खराब जोड शोधायला बहुतेक जण टेस्ट लॅम्प लावतात किंवा मीटर ओहमवर टाकून बघतात. दोन्हींत जोड पास होतो. टेस्ट लॅम्पला लागणारा करंट अगदी थोडा असतो, तेवढा करंट एका शिल्लक तारेतूनही जातो. ओहमवर म्हणाल तर मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. आपला चोर असतो ०.०२ ओहमचा, तो दिसणार कसा? पण त्याच ०.०२ ओहममधून ४० अँपिअर गेले की ०.८ व्होल्ट तिथेच सांडतात. डायनॅमो १४.३ देतो आणि बॅटरीला १३.५ मिळतात.

म्हणून जोडातून खरा करंट वाहत असतानाच मोजायचं. इंजिन २००० च्या आसपास, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू, मीटर डीसी व्होल्टवर. गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, बाह्या दुमडा, वायरी बेल्ट आणि पंख्यापासून लांब धरा. लाल प्रोब डायनॅमोच्या मागच्या जाड स्टडवर, म्हणजे बी प्लसवर, आणि काळा प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर. मीटरवर जे दिसेल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत वाया जातंय. ०.२ पर्यंत उत्तम, ०.३ पर्यंत चालतं, ०.५ दिसलं तर त्या वाटेवर नक्की काहीतरी सडलंय.

आता अर्थची बाजू. लाल प्रोब डायनॅमोच्या बॉडीवर, रंग आणि गंज खरवडून उघड्या केलेल्या जागी, आणि काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खुंटीवर. इथे ०.१ च्या आसपास असावं. ०.२ च्या पुढे गेलं की दुरुस्तीला घ्या.

आकडा जास्त आला तर एकेक पायरी चाला. काळा प्रोब मायनस खुंटीवरच राहू द्या. लाल प्रोब आधी क्लॅम्पवर, मग केबलच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर, मग तो लग ज्या बोल्टखाली आहे त्या चॅसिसच्या पत्र्यावर, मग इंजिन ब्लॉकवर, शेवटी डायनॅमोच्या बॉडीवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तिथला जोड खराब. अंदाजाला जागाच राहत नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी किंवा बॅटरीशी जोडणारी स्वतंत्र अर्थ पट्टी लागते. ती तुटली किंवा आतून सडली की करंट मिळेल त्या वाटेने परततो. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल गरम लागत असेल तर हेच झालंय. गाडी तशीच चालवत राहिलात तर ती केबल आतून जळते.

गेल्या भाद्रपदात हर्णैहून मासळी घेऊन खेड, चिपळूण करत कराडला जाणारा एक पिकअप माझ्याकडे आला. ड्रायव्हर वैतागलेला: "दादा, बॅटरी नवीन, डायनॅमो नवीन, तरी काटा बघा कसा करतोय!" डायनॅमोच्या स्वतःच्या स्टडवर आणि बॉडीवर प्रोब लावला तर बरोबर १४.३. म्हणजे त्याचं काम तो चोख करत होता. प्लसच्या वाटेत ०.१५ गेले, तेही ठीक. अर्थच्या वाटेत मात्र ०.९. बॅटरीला उरले सव्वातेराच्या आसपास, आणि तेही गाडी हलली की बदलत होते. एकेक पायरी चालत गेलो तर उडी गिअरबॉक्स ते चॅसिस या विणलेल्या अर्थ पट्टीवर सापडली. पट्टीची दोन्ही टोकं चकचकीत होती, कुणीतरी आधी पॉलिश पेपरने घासली होती. लगच्या आत विणकामाच्या तारा चिमटल्या होत्या तिथे बोटाने दाबल्यावर हिरवी पूड गळली. हौद्याचं खारं पाणी नेमकं त्याच जागी टपकत होतं. पट्टी बदलली, डायनॅमोच्या ब्रॅकेटपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जादा केबल टाकली, आणि काटा १४ वर स्थिर झाला. नवा डायनॅमो घेतला नसता तरी चाललं असतं.

घासून भागत नाही

दरवर्षी बिघाड परत येतो तो या पट्टीसारख्या जोडांमुळे. पॉलिश पेपर लगच्या बाहेरून फिरतो. सड लगच्या आत, तारांच्या मधे असते. तारांच्या मधल्या फटींतून खारं पाणी दिव्याच्या वातीसारखं इन्सुलेशनच्या आत चढत जातं. केबल वरून नवी दिसते आणि सोलून बघितली तर तांबं काळं पडलेलं.

म्हणून दुरुस्ती अशी करा. इंजिन बंद. आधी मायनसचा क्लॅम्प सोडवा, नंतर प्लसचा. लावताना उलट, मायनस शेवटी. पाना प्लसवर असताना बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. क्लॅम्पवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. मग खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू शिसं चमकेपर्यंत घासा.

संशयित केबलचा लग कापून टाका. इन्सुलेशन थोडं थोडं सोलत मागे जा, तांबं तांब्याच्या रंगाचं दिसेपर्यंत. वीतभर गेलं तरी काळंच दिसत असेल तर केबल बदला, वाचवायला जाऊ नका. नवा लग कल्हई चढवलेला घ्या, नुसता तांब्याचा किनाऱ्यावर टिकत नाही. तो क्रिम्पिंगच्या यंत्राने दाबून घ्या. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग वरून घट्ट आणि आतून पोकळ राहतो. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी गरम करून बसवा, म्हणजे तारांच्या तोंडातून पाणी चढायची वाटच बंद होते. दुरुस्ती टिकते ती या नळीमुळे, आणि नेमकी तीच कामाच्या घाईत गाळली जाते. साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली तर पावसाळ्यात तिच्या आत पाणी साठून राहतं. उघडा जोड त्यापेक्षा बरा.

चॅसिसवर लग बसतो तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, मग बाहेरून रंग किंवा ग्रीस लावा. टर्मिनलांवर पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर लावा. गंज सोडवायच्या स्प्रेवर भरवसा ठेवू नका, त्याचा थर फार दिवस टिकत नाही.

मासळीची गाडी असेल किंवा गाडी वाळूत उतरत असेल तर चॅसिस खालून गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा. खारं पाणी पडणाऱ्या अर्थ पट्टीची जागाच बदलता आली तर सर्वात उत्तम. मी ती शक्य तिथे इंजिनच्या वरच्या बाजूला आणतो.

काटा ठरावीक तालात हलतो तेव्हा

वर सांगितलेला काटा खड्ड्याबरोबर, लोडबरोबर हलतो. दुसरा एक प्रकार आहे: गाडी उभी, आरपीएम स्थिर, तरी काटा आणि हेडलाइटचा उजेड सारख्या अंतराने वर-खाली होत राहतात. जुन्या गाड्यांत, जिथे रेग्युलेटर, म्हणजे आपला कटआउट, डायनॅमोच्या बाहेर पत्र्यावर बसवलेला असतो, तिथे हे जास्त दिसतं.

हा रेग्युलेटर इग्निशनच्या वायरीवर व्होल्टेज मोजतो आणि त्याच वायरीतून डायनॅमोच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याला, करंट देतो. मधे स्विच किंवा फ्यूजचा जोड खराब असला की फील्ड चालू झाल्याबरोबर त्या जोडावर व्होल्टेज पडतं. रेग्युलेटरला वाटतं अजून कमी आहे, तो फील्ड चालूच ठेवतो आणि बॅटरीवर व्होल्टेज गरजेपेक्षा वर जातं. शेवटी तो फील्ड तोडतो, जोडावरचा भार जातो, त्याला एकदम व्होल्टेज भरपूर दिसतं, तो उशिरापर्यंत परत चालू होत नाही. हा झोका चालू राहतो. रेग्युलेटर बदलून काही फरक पडत नाही, कारण त्याला चुकीची माहिती देणारी वायर तीच राहते.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा रेग्युलेटरच्या इग्निशन टर्मिनलवर. ०.३ च्या वर आलं तर फ्यूजचा होल्डर साफ करा, इग्निशन स्विच बघा. वायरिंग फारच जुनं असेल तर त्या वायरीने फक्त एक रिले चालवा आणि रेग्युलेटरला रिलेमधून, फ्यूज घालून, थेट बॅटरीवरून फीड द्या. रेग्युलेटरची बॉडी ज्या पत्र्यावर आहे तोही खरवडून घ्या. त्याचा अर्थ खराब असला तरी त्याला व्होल्टेज कमीच भासतं.

किनाऱ्यावर गंजाने एक बॅटरी उपाशी राहते आणि त्याच गंजाने दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, ते यामुळे. गंज जाड वायरीत असला तर बॅटरीला कमी मिळतं. मोजणाऱ्या वायरीत असला, मग ती बाहेरच्या रेग्युलेटरची असो की डायनॅमोच्या एस टर्मिनलची, तर डायनॅमो जोर लावत राहतो. १५ च्या वर व्होल्टेज, अॅसिडचा उग्र वास, बॅटरीचा माथा ओला, बल्ब सारखे उडणं ही त्याची खूण. अशा बॅटरीजवळ काडी, लायटर काही नको. तिच्यातून हायड्रोजन निघत असतो आणि तो स्फोटक आहे.

डायनॅमो खरंच दोषी असतो तेव्हा

जोड साफ निघाले, तरी आकडे येत नाहीत, मग डायनॅमोकडे वळा. पहिला बेल्ट. डबक्यातून किंवा ओढ्यातून गेल्यावर काटा पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप वर येतो, तर बेल्ट घसरतोय. लांब अंतराच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर व्ही-बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. जांभ्याची तांबडी माती बेल्टच्या कडांना पॉलिश करते. कडा काचेसारख्या चमकत असतील तर ताण देऊन उपयोग नाही, बेल्ट बदला.

लाकडी मुठीने डायनॅमोच्या मागच्या बाजूला हलके ठोकल्यावर काटा हलला तर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, झिजलेत किंवा अडकलेत. ते ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर मातीचा थर असला तरी असंच होतं. कार्बनची जोडी स्वस्त असते, त्यासाठी पूर्ण डायनॅमो बदलायला कुणी सांगत असेल तर नीट चौकशी करा.

डायनॅमोतल्या एसीचं डीसी करणारे डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर टाका आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलाय. रेडिओत इंजिनबरोबर चढणारी किणकिण आणि रात्रीतून उतरणारी बॅटरी ही त्याचीच लक्षणं. काही स्वस्त मीटर एसीवर डीसीलाच दुप्पट करून २८-३० असा आकडा दाखवतात. प्रोब उलटे लावल्यावर शून्य आलं तर तो आकडा मीटरचा दोष आहे.

एक छोटी गोष्ट हमखास सुटते. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे. पुष्कळ डायनॅमोंना सुरुवातीचं चुंबकत्व देणारा करंट त्याच दिव्यातून येतो. बल्ब उडालेला असेल, किंवा हौसेने तिथे एलईडी लावला असेल, तर गाडी चालू झाल्यावर जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

मुंबईकर चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं असतं. गणपतीत आलेली गाडी शिमग्यापर्यंत आंब्याखाली उभी राहते, बॅटरी आपोआप उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. सगळं बंद असताना गाडी ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त खात नसेल तर ठीक. एवढे दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर मायनस काढूनच ठेवावा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "गाडी बंद पडते का बघू" ही चाचणी कुणालाही करू देऊ नका. वायरमनने हात घातला तर हात धरून थांबवा. चालू डायनॅमोवरून बॅटरी एकदम काढली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळतं, त्यात रेग्युलेटर, डायोड आणि नव्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. कार्ब्युरेटरच्या काळात निभावून गेलेली ही पद्धत आता फार महाग पडते.

नव्या गाड्यांत काटा हलण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बिघाडाचं नाही. बऱ्याच बीएस-सिक्स गाड्यांत डायनॅमोचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. उतारावर, ब्रेक मारताना १५ च्या जवळ नेतो, सरळ रस्त्याला इंधन वाचवायला १३ च्या खालीही आणतो. अशा गाडीत सगळा लोड लावून बघा. लोड लावल्यावर व्होल्टेज वर येऊन टिकलं तर गाडी ठीक आहे. या गाड्यांच्या मायनस खुंटीवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजतो. जादा दिवे, मोठे हॉर्न, म्युझिक सिस्टिम बसवताना त्यांचा अर्थ थेट खुंटीला बांधला तर तो करंट सेन्सरला दिसत नाही, हिशेब चुकतो आणि बॅटरी अर्धवट चार्ज राहते. अशा जादा सामानाचा अर्थ खुंटीवरून सोडवा आणि बॉडीवर, खरवडलेल्या पत्र्यावर, कल्हईच्या लगने बांधा.